मोबाइलमधलं क्रोम शेवटचं कधी अपडेट केलं होतं? ब्राउझर नवा करण्याची सगळी माहिती एकाच ठिकाणी

कामाची माहिती | बिलोली

सातबारा बघायचा आहे, महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज कुठपर्यंत आला ते पाहायचं आहे, पीएम किसानची ई-केवायसी करायची आहे. ही कामं आता घरबसल्या मोबाइलवर होतात. पण ऐन वेळी पान उघडत नाही. गोल चक्र फिरत राहतं, बटण दाबलं तरी पुढे सरकत नाही, नाहीतर ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असा लाल इशारा येतो. मग ‘साइटच बंद आहे’ म्हणून माणूस कुंडलवाडी, सगरोळी, कासराळीहून गाडी काढतो आणि बिलोली गाठतो. अर्धा दिवस जातो, पेट्रोल जातं, केंद्रावर पैसे जातात ते वेगळेच.

साइट खरंच बंद असते असंही होतं. पण पुष्कळदा दोष आपल्या हातातल्या फोनमध्ये असतो. फोनमधला ब्राउझर दोन-तीन वर्षं जुना असतो आणि तो कधी नवा केलाय का, हे कुणाला आठवतही नाही. ब्राउझर नवा करणं म्हणजे अपडेट करणं. ते फुकट आहे, पाच-दहा मिनिटांचं आहे आणि त्याला कुणाकडे जावं लागत नाही. ते कसं करायचं, कधी करायचं, फोन जुना असेल तर काय करायचं आणि ‘अपडेट’च्या नावाने होणाऱ्या फसवणुकीपासून कसं वाचायचं, ते या माहितीत दिलं आहे.

आधी थोडक्यात

- ब्राउझर फक्त प्ले स्टोअरमधूनच अपडेट करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून किंवा एखाद्या साइटवर उडी मारून आलेल्या पाटीवरून कधीच नाही.
- अपडेटला एक रुपयाही लागत नाही. कुणी पैसे, ओटीपी किंवा आधार क्रमांक मागत असेल तर तो फसवणारा आहे.
- घरात वायफाय नसेल तर तुमचा ब्राउझर आपोआप अपडेट होत नसण्याची शक्यता मोठी आहे. महिन्यातून एकदा हाताने करा.
- नवीन क्रोमला आता अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन लागतो.
- फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

ब्राउझर म्हणजे नेमकं काय?

ज्या अ‍ॅपमधून आपण वेबसाइट उघडतो ते अ‍ॅप म्हणजे ब्राउझर. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाचं गोल आणि मधे निळा ठिपका असतो, ते गूगलचं क्रोम. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासूनच असतं. त्याशिवाय मोझिलाचं फायरफॉक्स, मायक्रोसॉफ्टचं एज, ऑपेरा, सॅमसंगच्या फोनमध्ये सॅमसंग इंटरनेट, असे बरेच आहेत. आपल्या देशातल्या झोहो कंपनीचा उला नावाचाही ब्राउझर आहे. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझर तयार करण्याची स्पर्धा घेतली होती. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला, त्यात झोहोला एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं.

पुष्कळ जण ‘मी गूगलवर जातो’ असं म्हणतात. गूगल हे शोधण्याचं ठिकाण झालं. तिथे नेणारी गाडी म्हणजे ब्राउझर. गाडीची सर्व्हिसिंग करावी लागते, तसंच ब्राउझरचं आहे.

नवा केला नाही तर काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात.

पहिली म्हणजे कामं अडतात. वेबसाइट बनवणारे लोक नव्या पद्धती वापरत जातात. जुन्या ब्राउझरला त्या कळत नाहीत. मग फोटो अपलोड होत नाही, तारीख निवडायची चौकट उघडत नाही, तालुका निवडला तरी गावांची यादी येत नाही. आपल्याला वाटतं आपलंच काही चुकतंय.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, ती म्हणजे सुरक्षेची. ब्राउझरमध्ये चुका सापडतच राहतात. त्या चुकीतून चोर फोनमध्ये शिरू शकतो. कंपनी चूक दुरुस्त करते आणि ती दुरुस्ती अपडेटमधून आपल्यापर्यंत येते. एक उदाहरण बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ नावाच्या फोटोच्या प्रकारात एक चूक सापडली. मुद्दाम बिघडवून तयार केलेला नुसता फोटो उघडला तरी चोराला फोनमध्ये वाट मिळू शकत होती, आणि कुणीतरी तिचा गैरवापर करत असल्याचं गूगलने स्वतः सांगितलं होतं. ही चूक अ‍ॅपल कंपनी आणि टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने कळवली होती. क्रोम, फायरफॉक्स, एज या सगळ्यांना तातडीने अपडेट काढावं लागलं. ज्यांनी अपडेट केलं त्यांचा ब्राउझर त्या चुकीपासून सुटला. ज्यांनी आजवर केलं नाही, त्यांच्या ब्राउझरमध्ये ती चूक तशीच आहे.

अशा चुका नेहमी निघतात. म्हणूनच क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची दुरुस्ती दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था क्रोम, फायरफॉक्समधल्या गंभीर चुकांबद्दल वेळोवेळी इशारा काढते. त्यात सांगितलेला उपाय जवळजवळ नेहमी एकच असतो : नवं व्हर्जन घ्या.

ज्या फोनवर बँकेचं खातं, यूपीआय, आधारचा ओटीपी, अनुदान जमा झाल्याचा मेसेज, सगळं एकत्र आहे, तो फोन उघडा ठेवून चालत नाही.

आपोआप अपडेट का होत नाही? खरी गोम इथे आहे

‘अपडेट आपोआप होतंच की’ असं शहरातली मुलं सांगतात. त्यांचं खरं असतं, कारण त्यांच्या घरी वायफाय असतं. प्ले स्टोअर आपोआप अपडेट करतं ते साधारण असं : फोन वायफायला जोडलेला, चार्जिंगला लावलेला आणि त्या वेळी कुणी वापरत नसलेला. मोबाइल डेटा वाचावा म्हणून अनेक फोनमध्ये ‘फक्त वायफायवर अपडेट’ अशी सेटिंग आधीपासून असते.

आपल्याकडे बहुतेक घरांत वायफाय नाही. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज आणि त्यावरच सगळं. लाइट असेल तेव्हा चार्जिंग. म्हणजे तिन्ही गोष्टी एकदम जुळून यायच्या कधी? त्यामुळे फोन घेतला त्या दिवशीचंच क्रोम वर्षानुवर्षं चालू राहतं. यात वापरणाऱ्याचा दोष नाही. पण हे माहीत नसेल तर नुकसान आपलंच आहे.

तुमचं क्रोम कितवं आहे ते असं बघा

१. क्रोम उघडा.
२. वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, ते दाबा.
३. खाली ‘सेटिंग्ज’ दाबा.
४. सगळ्यात खाली जा. ‘अबाउट क्रोम’ दिसेल. फोन मराठीत असेल तर ‘क्रोमबद्दल’ अशा अर्थाचे शब्द असतील. ते दाबा.
५. तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन व्हर्जन’ समोर एक लांबलचक आकडा दिसेल. त्यातला पहिल्या ठिपक्याच्या आधीचा आकडा तेवढा लक्षात ठेवा. उदाहरणार्थ १०९, ११९ किंवा १३८.

त्याच ठिकाणी फोनचं अँड्रॉइड कितवं आहे तेही लिहिलेलं असतं. तिथे सापडलं नाही तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ मध्ये बघा. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

अपडेट करण्याची पद्धत

१. फोन निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या.
२. प्ले स्टोअर उघडा. रंगीत त्रिकोणाचं चिन्ह असतं तेच.
३. वर उजवीकडे तुमच्या नावाचं पहिलं अक्षर किंवा फोटो असलेला गोल आहे, तो दाबा.
४. ‘मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस’ दाबा. मराठीत ‘अ‍ॅप्स आणि डिव्हाइस व्यवस्थापित करा’ असं असतं.
५. ‘अपडेट उपलब्ध आहेत’ अशा ओळीखाली ‘तपशील’ दाबा. यादी येईल आणि प्रत्येक अ‍ॅपसमोर किती एमबी लागतील तेही दिसेल.
६. ‘सर्व अपडेट करा’ दाबू नका, डेटा एका झटक्यात संपेल. यादीत क्रोम शोधा आणि फक्त त्याच्यासमोरचं ‘अपडेट’ दाबा.
७. ‘वायफाय नाही, मोबाइल डेटावर करायचं का’ असं विचारलं तर हो म्हणा.
८. पूर्ण झाल्यावर क्रोम एकदा बंद करून पुन्हा उघडा. वर सांगितल्याप्रमाणे आकडा तपासा. बदलला असेल तर काम झालं.

याच यादीत ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ असं एक नाव दिसलं तर तेही अपडेट करा. त्याचं चिन्ह कधी दिसत नाही, पण ते फार कामाचं आहे. पुष्कळ अ‍ॅपमध्ये आतल्या आत वेबसाइटचं पान उघडतं, ते याच्या जोरावर. मार्च २०२१ मध्ये या वेबव्ह्यूमध्ये बिघाड झाला तेव्हा जगभरात जीमेलसकट कितीतरी अ‍ॅप आपोआप बंद पडत होते. नवं अपडेट आल्यावरच ते थांबलं. अँड्रॉइड ७, ८ आणि ९ मध्ये हे काम क्रोमच करतं, त्यामुळे तिथे क्रोम अपडेट केलं की पुरतं.

डेटाची काळजी असेल तर एक साधी युक्ती आहे. दिवसाच्या पॅकमधला उरलेला डेटा रात्री बारा वाजता वाया जातोच. झोपायच्या आधी, दहाच्या सुमारास अपडेट लावा. नाहीतर घरात ज्याच्या फोनमध्ये डेटा शिल्लक असेल त्याचा हॉटस्पॉट घ्या.

अपडेट अडकलं तर

‘पेंडिंग’ दाखवतंय : दुसरं एखादं अ‍ॅप आधी उतरत असेल. ते थांबवा, फोन बंद करून चालू करा आणि पुन्हा लावा.

‘जागा नाही’ म्हणतंय : हे सगळ्यात जास्त वेळा होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडा. शुभ सकाळचे फोटो आणि चार-चार ग्रुपवर आलेले तेच ते व्हिडिओ काढून टाका. एक जीबी तरी मोकळी ठेवा. कागदपत्रांचे फोटो मात्र चुकून उडवू नका.

प्ले स्टोअर जीमेल मागतंय : दुकानदाराने किंवा पुतण्याने स्वतःचा जीमेल टाकून दिलेला फोन असेल तर असं होतं. स्वतःच्या नावाचं खातं उघडून घ्या. ते फुकट आहे. पासवर्ड वहीत लिहा आणि वही घरात ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको.

‘अपडेट’ ऐवजी ‘ओपन’ दिसतंय : म्हणजे तुमच्या फोनला चालणारं सगळ्यात नवं क्रोम आधीच आहे. पण आकडा जुना दिसत असेल तर तुमचा फोन जुना झालाय. पुढचा भाग वाचा.

फोन जुना असेल तर : कुठल्या अँड्रॉइडला कुठपर्यंत क्रोम

कंपनी जुन्या अँड्रॉइडला किती काळ नवं क्रोम देते याला मर्यादा आहे. आजवर असं झालं :

- अँड्रॉइड ५ : क्रोम ९५ वर थांबलं
- अँड्रॉइड ६ : क्रोम १०६ वर थांबलं
- अँड्रॉइड ७ : क्रोम ११९ वर थांबलं
- अँड्रॉइड ८ आणि ९ : क्रोम १३८ वर थांबलं, ऑगस्ट २०२५ पासून नवं मिळत नाही
- अँड्रॉइड १० आणि पुढे : नवं क्रोम मिळतं

अँड्रॉइड १० हे २०१९ चं आहे. म्हणजे २०१८ किंवा त्याआधीचा आणि पुढे अँड्रॉइड न बदललेला फोन असेल तर नवं क्रोम मिळणार नाही. अशा वेळी हे क्रमाने करून बघा.

पहिलं : फोनचं अँड्रॉइडच पुढचं मिळतं का बघा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम अपडेट’ किंवा ‘सॉफ्टवेअर अपडेट’ असतं. काही फोनला अँड्रॉइड ९ वरून १० आलेलं होतं, पण मालकाने घेतलेलंच नसतं. हे अपडेट मोठं असतं, एक-दोन जीबीपर्यंत जाऊ शकतं. चार्जर लावूनच करा.

दुसरं : फायरफॉक्स घेऊन बघा. क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ सोडल्यावरही फायरफॉक्सने ते सोडलं नव्हतं. प्ले स्टोअर तुमच्या फोनला जे चालतं तेच उतरवू देतं, म्हणून आपल्याला चालेल का हे तिथेच कळतं. ‘कनेक्शन खाजगी नाही’ हा इशारा खूप जुन्या फोनवर वारंवार येतो, कारण साइट खरी आहे हे ओळखण्याची यादी त्या फोनमध्ये जुनी झालेली असते. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत आणतं, त्यामुळे तिथे तीच साइट उघडू शकते.

मात्र हा इशारा आला की आधी फोनची तारीख आणि वेळ तपासा. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला की काही फोनमध्ये तारीख मागे जाते. तारीख चुकली तरी हाच इशारा येतो. तारीख बरोबर आहे, ब्राउझर नवा आहे, तरी इशारा येतो, तर ‘तरीही पुढे जा’ दाबून आधार किंवा बँकेची माहिती भरू नका.

तिसरं : काहीच जमलं नाही तर त्या फोनवर गाणी ऐका, बोला, पण बँक आणि सरकारी अर्ज घरातल्या नव्या फोनवरून करा. एका घरात निदान एक फोन तरी अपडेट असलेला हवा.

बटणांचा जिओफोन वापरणाऱ्यांसाठी : तो अँड्रॉइड नाही, कायओएसवर चालतो. त्यातला ब्राउझर वेगळा अपडेट होत नाही. फोनचंच अपडेट आलं तर त्यात येतो. सरकारी फॉर्म भरायला तो सोयीचा नाही.

फोनमध्ये यूसी ब्राउझर अजून आहे का?

एकेकाळी गावागावात यूसी ब्राउझर होता. कमी डेटात पान उघडायचं आणि व्हिडिओ उतरवता यायचे, म्हणून दुकानदारच टाकून द्यायचे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझर होता. सीएम, डीयू आणि एपस हे ब्राउझरही त्याच यादीत होते. बंदीनंतर प्ले स्टोअरवरून त्यांना भारतात अपडेट मिळणं बंद झालं. जुन्या फोनमध्ये यातलं काही राहिलं असेल तर आजच काढून टाका. त्यावरून बँकेचं किंवा आधारचं काम तर अजिबात करू नका.

खबरदार! ‘अपडेट करा’ म्हणणारा प्रत्येक जण खरा नसतो

लोकांना अपडेट करा सांगितलं की चोर त्याचाच फायदा घेतात. सिनेमा किंवा क्रिकेट फुकट बघायच्या साइटवर मधेच पाटी येते : ‘तुमचं क्रोम जुनं झालं आहे, आता अपडेट करा’, ‘फोनमध्ये १३ व्हायरस सापडले’. फोन थरथरतो, लाल रंग चमकतो. माणूस घाबरून बटण दाबतो आणि एपीके नावाची फाइल उतरते.

एपीके म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारं अ‍ॅप. पीएम किसानच्या नावाने, आरटीओ चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने अशा फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ती टाकली की मेसेज वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी तुम्हाला दिसायच्या आधी चोराला दिसतो. मग खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. फाइल आपल्याच गावातल्या ओळखीच्या माणसाकडून आली तरी विश्वास ठेवू नका. त्याचा फोन आधी ताब्यात घेऊन त्याच्या सगळ्या ग्रुपवर ती पाठवलेली असू शकते.

खरं आणि खोटं असं ओळखा :

- खरं क्रोम अपडेट प्ले स्टोअरमध्येच होतं. नावाखाली बनवणाऱ्याचं नाव ‘गूगल एलएलसी’ असतं.
- अपडेट कधीही व्हॉट्सअ‍ॅपवर, मेसेजमध्ये किंवा फोन करून येत नाही.
- ‘अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप टाकायची परवानगी द्या’ असं विचारलं की तिथेच थांबा.
- साइटवर पाटी आली तर तिच्यावरचं काहीच दाबू नका, ‘नाही’ सुद्धा नाही. ते पानच बंद करा.
- बहुतेक सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी, पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी, ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. नाव सारखं पण शेवट वेगळा असेल तर माहिती भरू नका.
- फोनवर बोलता बोलता कुणी ‘स्क्रीन दिसायचं अ‍ॅप घ्या, मी अपडेट करून देतो’ म्हणालं तर फोन ठेवा.

सारख्या जाहिराती उडत असतील तर कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन’ उघडा आणि अनोळखी साइट बंद करा. प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ आहे, तिथून अधूनमधून फोन तपासून घ्या.

चुकून फाइल टाकलीच, तर काय?

लाजून गप्प बसू नका. हुशार माणसंही फसतात. पहिला तास फार मोलाचा असतो.

१. फोन एरोप्लेन मोडवर टाका, म्हणजे नेट आणि मेसेज दोन्ही तुटतात.
२. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून खातं, एटीएम कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या, गूगलवर शोधलेला नको.
३. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते मधेच अडवता येऊ शकतात. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. नंतर पोलीस ठाण्यातही जा.
४. ते अ‍ॅप काढून टाका. निघत नसेल तर जाणकाराकडून फोन पूर्ण रीसेट करून घ्या.
५. पिन आणि पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बदला.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लक्षात असू द्या. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेकडून मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. पण आपणच ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ताबडतोब कळवणं सगळ्यात महत्त्वाचं.

केंद्रावरच्या संगणकाकडेही बघा

जो अर्ज आपण सेवा केंद्रावर भरतो, तिथला संगणक किती जुना आहे हे आपण विचारत नाही. विंडोज ७ आणि ८.१ असलेल्या संगणकावर क्रोम १०९ वरच थांबलं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून तिथे नवं क्रोम चालत नाही. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती कंपनीने जानेवारी २०२० मध्येच थांबवली. इंटरनेट एक्सप्लोरर हा निळ्या ‘ई’ चा ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. विंडोज १० ची नेहमीची मोफत मदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

केंद्र चालवणाऱ्या भावांनी हे मनावर घ्यावं, कारण त्यांच्या एका संगणकावर गावातल्या शेकडो लोकांचं आधार आणि बँक खातं उघडतं. संगणकावर क्रोम अपडेट करायला तीन ठिपके, मग ‘हेल्प’, मग ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडा. ते आपोआप तपासून नवं उतरवतं. मग ‘रीलाँच’ दाबलं की झालं.

ग्राहकांनीही दोन गोष्टी सांभाळाव्यात. केंद्रावर ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ असं आलं तर ‘नाही’ म्हणायला सांगा. काम झाल्यावर ‘लॉगआउट’ झालंय हे स्वतः डोळ्यांनी बघूनच उठा.

लोक नेहमी विचारतात

*अपडेट केल्यावर माझे फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ उडेल का?*
नाही. डाउनलोड केलेल्या फाइली, जतन केलेल्या साइट, पासवर्ड सगळं तसंच राहतं. उडतं ते ‘क्लिअर डेटा’ दाबल्यावर. कुणी ‘क्लिअर डेटा करा, साइट चालेल’ असं सांगितलं तर आधी पासवर्ड लिहून घ्या.

*‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ दाबू का?*
दाबू नका. त्याने क्रोम फोन घेतला त्या दिवशीच्या जुन्या रूपात परत जातं.

*अपडेट केल्यावर फोन हळू होतो म्हणतात?*
जागा भरलेल्या फोनमध्ये थोडं जाणवू शकतं. फोटो-व्हिडिओ कमी करा, उघडी राहिलेली पानं बंद करा. क्रोममध्ये वर चौकोनात आकडा दिसतो, तितकी पानं उघडी असतात. काही फोनमध्ये तो साठ-सत्तरवर गेलेला असतो.

*अपडेट केलं तरी साइट उघडत नाही. आता?*
तीच साइट शेजारच्याच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडून बघा. तिथेही उघडत नसेल तर साइटवरच गर्दी आहे. शेवटच्या तारखेला तर हे होतंच. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा. तिथे उघडत असेल तर दोष तुमच्या फोनचा किंवा नेटवर्कचा आहे.

*साइट इंग्रजीत किंवा तेलुगूत आहे, मराठीत दिसेल का?*
हो. आपला तालुका तेलंगणाच्या सीमेवर, तिकडच्या साइटही आपल्याला लागतात. क्रोममध्ये तीन ठिपके दाबून ‘ट्रान्सलेट’ निवडा आणि भाषा मराठी करा. वाचून समजून घ्यायला हे चांगलं आहे. पण फॉर्म भरताना मूळ भाषेतलं पानच वापरा, भाषांतरात शब्द इकडचे तिकडे होतात.

*दर आठवड्याला अपडेट करायला लागेल का?*
शक्य असेल तर चांगलंच. नाहीतर महिन्यातून एकदा पुरे, पण चुकवू नका.

एक तारीख ठरवा

महिन्याची पहिली तारीख धरा. त्या रात्री उरलेल्या डेटावर आधी क्रोम, मग वेबव्ह्यू, मग यूपीआयचं आणि बँकेचं अ‍ॅप, एवढंच अपडेट करा. घरातल्या आई-वडिलांचा फोनही त्याच वेळी हातात घ्या, कारण लाडक्या बहिणीचे किंवा पीएम किसानचे पैसे आल्याचा मेसेज त्यांच्याच फोनवर येतो. पुण्याला, हैदराबादला कामाला असलेल्या पोरांनी सणाला गावी आल्यावर पहिल्या दिवशी हे काम करून द्यावं.

अर्जाची शेवटची तारीख उद्या आहे आणि आज रात्री अपडेट करायला बसलो, असं होऊ देऊ नका. पेरणीच्या आधी तिफण तपासतो, तसा अर्जाच्या हंगामाआधी ब्राउझर तपासा. आता क्रोम उघडा, तीन ठिपके दाबा आणि तुमचा आकडा कितीवर आहे तेवढा बघून घ्या.